‘जा लागते’ म्हणता येतं ना, मग ‘हॅव टू’ही येईल

अगं, तुझा मेसेज वाचला. “ताई, शब्द येतात, स्पेलिंगं येतात, पण बोलायला गेलं की वाक्य मधेच अडकतं.” कुठे अडकतं ते तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू आलं. ‘आय कॅन’पर्यंत तू झोकात जातेस. मग पुढे ‘टू’ घालायचा का, ‘गो’ म्हणायचं की ‘गोइंग’, आणि शेवटाला ‘फॉर’ येतं की ‘टू’, या तीन ठिकाणी तुझा श्वास अडतो. आर्वीच्या, आष्टीच्या, कारंज्याच्या पोरी याच तीन ठिकाणी अडतात गं. हुशारीचा प्रश्नच नाही. म्हणून आज जरा निवांत बोलते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. आपण वऱ्हाडी बोलतो म्हणून आपलं इंग्रजी कच्चं, असं तुला कुणीतरी सांगितलंय आणि तू ते खरं मानलंयस. तू घरात आईला काय म्हणतेस ते आठव. “मले उद्या वर्धेले जा लागते.” आणि परीक्षा जवळ आली की म्हणतेस, “आता मले अभ्यास केला पायजे.” या दोन वाक्यांत फरक आहे, आणि तो तुला कुणी शिकवलेला नाही. पहिल्यात बाहेरून कुणीतरी बोलावलंय, कॉलेजनं, बँकेनं, तहसीलनं; तुझी इच्छा असो नसो, जाणं भाग आहे. दुसऱ्यात तुझं तुलाच आतून वाटतंय. इंग्रजीत पहिलं होतं ‘आय हॅव टू गो टू वर्धा’ आणि दुसरं ‘आय मस्ट स्टडी’. ‘हॅव टू’ला पुस्तकं मोडलच्या, म्हणजे ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ अशा मदतनीस क्रियापदांच्या, मुख्य यादीत घेत नाहीत, पण काम तो तेच करतो. ज्या फरकासाठी इंग्रजीच्या पुस्तकात अर्धं पान खर्च होतं, तो तुझ्या जिभेवर लहानपणापासून आहे.

आपल्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. सात वर्षांचं शिक्षण मोफत, सक्तीचं आणि मातृभाषेतून व्हावं, असा ठराव तिथे झाला. तो पुढे किती पाळला गेला हा वेगळा विषय. मला त्यातलं एवढंच तुला द्यायचंय, की नवं काही शिकायचं तर आधी आपल्या भाषेत ते कुठे आहे ते बघावं. इंग्रजीलाही हे लागू आहे, आणि मोडलला तर फारच.

आता दुसरी गोष्ट, जी तुला बिनचूक येते. “मे आय कम इन, सर?” जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पहिलीतलं लेकरूसुद्धा हे दारात उभं राहून खणखणीत म्हणतं. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. पण पाचवीवाले असोत की पहिलीवाले, हे एक वाक्य कुणाचं चुकत नाही. ‘मे आय टू कम इन’ म्हणणारं कुणी पाहिलंयस? ‘मे आय कमिंग इन’? कुणीच नाही. आणि त्या वाक्यात काय आहे बघ. ‘मे’ हा मोडल, ‘कम’ हे क्रियापद, ‘इन’ हा त्याच्या मागचा चिमुकला शब्द. तुला जे अवघड वाटतं ती अख्खी रचना त्यात आहे. फक्त ते वाक्य कुणी तोडून शिकवलं नाही, सबंध कानावर पडलं, म्हणून ते सबंधच तोंडातून निघतं. माझं सगळं सांगणं याच्यावर उभं आहे: मोडल, क्रियापद आणि प्रीपोझिशन हे तिघे वेगवेगळे पाठ करू नकोस. ‘वेट’ पाठ करू नकोस, ‘कॅन यू वेट फॉर’ पाठ कर. ‘टॉक’ नको, ‘कुड आय टॉक टू’ घे.

तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर आपल्या आजोबांची पिढी इंग्रजी शिकली. त्या पुस्तकांचा मला मनापासून आदर आहे. वाक्य कसं बांधलं जातं हे त्यांनी खेड्यापाड्यात पोचवलं. पण समोर माणूस उभा असताना मनात आधी मराठी वाक्य रचायचं, मग शब्दाला शब्द ठेवायचा, एवढा वेळ मिळत नाही. बोलण्यासाठी सबंध तुकडाच लागतो.

मोडलच्या पुढचं क्रियापद मात्र कोरंच येतं, हे पक्कं धर. ‘टू’ नाही, ‘एस’ नाही, ‘आयएनजी’ नाही, भूतकाळ नाही. ‘शी कॅन गो’, ‘दे कॅन गो’. ‘शी कॅन्स गो’ नाही आणि ‘शी कॅन गोज’ही नाही. यातही मराठीचा आधार आहेच. ‘ती जाऊ शकते’, ‘तो जाऊ शकतो’, ‘आम्ही जाऊ शकलो’. बदलतंय काय? शकणे. ‘जाऊ’ आहे तसंच आहे. आपल्याकडेसुद्धा अशा जोडीत मुख्य क्रियापद गप्प उभं असतं आणि सगळा भार मदतनीस उचलतो. इंग्रजीत माणसागणिक तोही बदलत नाही, म्हणजे काम उलट हलकंच झालं.

दोन मोडल शेजारी बसत नाहीत, हेही ध्यानात ठेव. ‘उद्या मला येता येईल’चं ‘आय विल कॅन कम’ होत नाही. ‘आय विल बी एबल टू कम’. ‘उद्या मला यावं लागेल’चं ‘आय विल हॅव टू कम’. आणि ते ‘आय कॅन एबल टू’ तर आजपासून बंदच. ‘कॅन’ घे नाहीतर ‘एम एबल टू’ घे. दोन्ही एकत्र घेतलं की समोरच्याला पहिल्या वाक्यातच कळतं की हिला जोडी माहीत नाही. मुलाखतीला बसलेल्या किती मुली नेमक्या इथे घसरतात, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

‘कॅन’चं एक बघ. “मला पोहता येतं” हे कसब. “आजीला आता जिना चढवत नाही” ही अंगातली ताकद. “मी जाऊ का?” ही परवानगी. आपल्याकडे तिन्हीसाठी वेगळ्या रचना आहेत; इंग्रजी एका ‘कॅन’वर तिन्ही भागवते. म्हणून ‘कॅन’ दिसला की एकच अर्थ धरून बसू नकोस, पुढचं क्रियापद बघ. शाळेत क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे अर्थ शिकलो ते आठवतंय? मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. बोलणाऱ्याच्या मनातली इच्छा, अट, शक्यता आपलं क्रियापद कसं दाखवतं, याचा एवढा बारकाईनं विचार आपल्याकडे केव्हाचाच झालाय. मोडल म्हणजे काही परका राक्षस नव्हे.

आता तिसरा तुकडा, प्रीपोझिशनचा. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण खरी गाठ इथे आहे.

मराठीत हे चिमुकले प्रत्यय नावाला चिकटतात. ‘बसची’ वाट पाहते, ‘सरांशी’ बोलते, ‘आईची’ काळजी घेते. ची, शी, ला, हे सगळे बस, सर, आई यांच्या अंगावरचे. म्हणून आपल्याला वाटतं की इंग्रजीतलं ‘फॉर’ आणि ‘टू’ही त्या नावाचंच. पण ‘वेट फॉर’, ‘टॉक टू’, ‘लुक आफ्टर’ यातला धाकटा शब्द मनानं क्रियापदाच्या घरचा आहे. प्रश्न विचारून बघ, लगेच कळेल. “कोणत्या बसची वाट पाहू?” आपल्याकडे ‘ची’ बसबरोबर वाक्याच्या सुरुवातीला निघून गेली. इंग्रजीत? ‘व्हिच बस शुड आय वेट फॉर?’ बस गेली पुढे, ‘फॉर’ मात्र ‘वेट’ला धरून शेवटी थांबला. “कुणाशी बोलू?” याचं होतं ‘हू शुड आय टॉक टू?’ तू रेकॉर्डिंगमध्ये ‘हू शुड आय टॉक?’ म्हणून थांबलीस. तुझ्या कानाला वाक्य पूर्ण वाटलं, कारण मराठीत ‘शी’ आधीच येऊन गेलेली असते. इंग्रजी ऐकणारा मात्र त्या ‘टू’ची वाट बघत राहतो.

हेच कर्मणी प्रयोगातही दिसेल. ‘वुई मस्ट लुक इंटू धिस मॅटर’ म्हणजे या प्रकरणात लक्ष घालून चौकशी केलीच पाहिजे. उलटं केलं की ‘धिस मॅटर मस्ट बी लुक्ट इंटू’. ‘इंटू’ अजूनही ‘लुक’च्याच मागे. ‘यू कॅन रिलाय ऑन हर’, ‘शी कॅन बी रिलाइड ऑन’. बोलताना वाक्य कितीही फिरवलं तरी ही जोडी सहसा फुटत नाही. म्हणून वहीत लिहिताना ‘रिलाय’ एकटं लिहू नकोस. ‘कॅन रिलाय ऑन’ असं एका दमात लिही.

या जोड्यांचं महत्त्व इंग्रजी परक्यांना शिकवणाऱ्यांच्याच लक्षात आधी आलं. ए. एस. हॉर्नबी १९२४ साली जपानात इंग्रजी शिकवायला गेले. तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण तुझ्यासारखीच होती, शब्द माहीत पण शब्दाचा शेजारी माहीत नाही. हॉर्नबींनी गेटनबी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसोबत शिकणाऱ्यांसाठी कोश केला. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ला ऑक्सफर्डनं काढला. आजची ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. त्यात प्रत्येक क्रियापदाच्या पुढे काय येतं ते दिलेलं असतं. जुनी प्रत मिळाली तरी घे. नुसता मराठी अर्थ देणाऱ्या खिशातल्या डिक्शनरीनं हे काम होत नाही.

आता आपल्या ‘ला’कडे सांभाळून बघ. “मी आर्वीला पोचेन” म्हणून आपण ‘आय विल रीच टू आर्वी’ म्हणतो. तिथे ‘टू’ नको, ‘आय विल रीच आर्वी बाय सिक्स’. “सरांना विचार”, म्हणून ‘यू शुड आस्क टू सर’. नको, ‘यू शुड आस्क हिम’. “यावर चर्चा करू”, म्हणून ‘वुई कॅन डिस्कस अबाउट धिस’. नको, ‘वुई कॅन डिस्कस धिस’. “खोलीत शिरू नकोस” म्हणताना ‘एंटर’ला ‘इन’ नको आणि “त्याच्याशी लग्न” म्हणताना ‘मॅरी’ला ‘विथ’ नको. आणि कुठे मराठीत काहीच नाही पण इंग्रजीला हवं असतं. “गाणं ऐक”, ‘यू मस्ट लिसन टू धिस साँग’. आणि कुठे मराठीत ‘ला’ असूनही आपण ‘टू’ गाळतो: “मला समजावून सांगा”, ‘कुड यू एक्स्प्लेन इट टू मी?’ यातल्या ‘एक्स्प्लेन मी’नं तर आपल्या सगळ्या विदर्भाला पछाडलंय. यामागे फार मोठं तर्कशास्त्र शोधत बसू नकोस. सवयीनं पडलेल्या जोड्या आहेत, सवयीनंच येतील.

मोडलमध्ये अजून एक गोष्ट लपलेली असते, ती म्हणजे अदब. आपल्याकडे मान देणं सोपं. ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं, ‘ये’चं ‘या’ केलं, ‘जरा’ लावलं, झालं. इंग्रजीत आजीलाही ‘यू’ आणि लेकरालाही ‘यू’. मग मान ठेवायचा कुठे? तो मोडलमध्ये ठेवतात. ‘सेंड मी द फॉर्म’ हे ‘फॉर्म पाठव’. ‘कॅन यू सेंड मी द फॉर्म’ हे ‘फॉर्म पाठवता का’. ‘कुड यू सेंड मी द फॉर्म, प्लीज’ हे ‘जरा फॉर्म पाठवाल का’. इथला ‘कुड’ भूतकाळ नाही गं, इथे तो नुसता हात जोडतो. ‘वुड यू माइंड’ आला तर पुढे ‘आयएनजी’ घे: ‘वुड यू माइंड वेटिंग फॉर मी?’ आणि कुणी तुला असं विचारलं व तुझी हरकत नसली, तर उत्तर ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’ असं द्यायचं. ‘येस’ म्हणालीस तर ऐकणाऱ्याला वाटेल तुझी हरकत आहे.

मोठ्या माणसांसमोर तू घरी कधी अरे-तुरे करत नाहीस. मग ईमेलमध्ये ‘आय वाँट माय सर्टिफिकेट’ का लिहितेस? ते वाचणाऱ्याला अरे-तुरेसारखंच लागतं. ‘आय वुड लाइक टू रिक्वेस्ट माय सर्टिफिकेट’ लिही. आणि तक्रारीच्या पत्रात एक वाक्य हाताशी ठेव: ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड लुक इंटू द मॅटर.’ दोन मोडल आहेत त्यात, ‘वुड’ आणि ‘कुड’, पण वेगवेगळ्या वाक्यखंडात, म्हणून चालतात. ‘वुड’मागे कोरा ‘बी’, ‘कुड’मागे कोरा ‘लुक’, आणि ‘लुक’ला धरून ‘इंटू’. आज सांगितलेलं बरंचसं या एका वाक्यात बसलंय. अर्जात ‘अप्लाय’ पदासाठी असेल तर ‘फॉर’, संस्थेकडे असेल तर ‘टू’.

पण ‘वुड’ सापडला म्हणून सगळीकडे पेरू नकोस. ‘आय वुड बी कमिंग टुमारो’ असं सर्रास लिहिलं जातं आणि त्यानं शंका येते की ही येणार की नाही. पक्कं येणार असशील तर ‘आय विल कम टुमारो’. सरळ.

एक जोडी मात्र नीट ओळख, कारण तिथे अर्थच फिरतो. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येऊ नकोस, मनाई आहे. ‘यू डोंट हॅव टू कम’ म्हणजे यायची गरज नाही, आलीस तरी चालेल. आपल्याला वाटतं ‘मस्ट’ला ‘नॉट’ लावला की ‘पाहिजे असं नाही’ होईल. होत नाही. पाहुण्यांना ‘यू मस्ट नॉट ब्रिंग एनीथिंग’ म्हटलंस तर काही आणायची गरज नाही हे राहिलं बाजूला, त्यांना ती ताकीद वाटेल.

आणि अंदाज करायचा असेल तेव्हा आपल्या ‘असेल’ला सरळ ‘विल’ लावत जाऊ नकोस. “बस गेली असेल” म्हणतेस तेव्हा तुला किती खात्री आहे? स्टँडवर कुणीच उरलं नाही, म्हणजे खात्रीच, तर ‘द बस मस्ट हॅव लेफ्ट’. नुसतं वाटतंय, तर ‘द बस माइट हॅव लेफ्ट’. “आधी सांगायला पाहिजे होतं” याचं ‘यू शुड हॅव टोल्ड मी’. मागे गेलेल्या गोष्टीला ‘हॅव’ आणि तिसरं रूप. ‘शुड टोल्ड’ असं काही नसतं.

आता ‘यूज्ड टू’साठी आपल्या पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वेवर एक वाक्य कर. ही लाइन १९१७ची, आणि घरची मोठी माणसं अजून तिच्या गोष्टी सांगतात. ‘अ ट्रेन यूज्ड टू रन बिटवीन पुलगाव अँड आर्वी.’ पूर्वी धावायची, आता नाही, हे ‘यूज्ड टू’नं एका फटक्यात सांगितलं. पण त्या गाडीत रोज बसणाऱ्या बाबांच्या पिढीबद्दल म्हणायचं असेल तर ‘दे वेअर यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय दॅट ट्रेन’, म्हणजे त्यांना त्या प्रवासाची सवय होती. पहिला ‘टू’ क्रियापदाचा, म्हणून ‘रन’ कोरा. दुसरा ‘टू’ प्रीपोझिशन, म्हणून ‘ट्रॅव्हलिंग’. अर्जाच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ लिहितात ना, त्यातही हाच दुसरा ‘टू’ आहे. ‘हिअरिंग’ लिही.

उच्चाराचं थोडक्यात सांगते. ‘आय कॅन कम’ म्हणताना ‘कॅन’ हलका, जवळजवळ ‘कन’, आणि जोर ‘कम’वर. ‘आय कान्ट कम’ म्हणताना जोर ‘कान्ट’वर. दोन्हीकडे सारखाच जोर दिला तर फोनवर समोरच्याला ‘येते’ की ‘येत नाही’ हेच कळत नाही. ‘वेट फॉर मी’ मधला ‘फॉर’ही असाच ‘फर’ होऊन सरकतो.

आणि सरावासाठी लांब जाऊ नकोस. बाबा बाजार समितीत कापसाच्या लिलावासाठी थांबतात: ‘माय फादर हॅज टू वेट फॉर द ऑक्शन.’ आई आजीकडे बघते: ‘माय मदर हॅज टू लुक आफ्टर माय ग्रँडमदर.’ तुला लायब्ररीत पुस्तक शोधायचंय: ‘कुड यू हेल्प मी लुक फॉर धिस बुक?’ दादाशी भांडण मिटवायचंय: ‘वुई शुड टॉक अबाउट इट.’ घरात, गल्लीत, स्टँडवर जे खरंच घडतं तेच बोल. बारावीच्या पेपरात मोडलला ‘ऑब्लिगेशन’, ‘पॉसिबिलिटी’ अशी नावं लावावी लागतील, ती लाव, गुण घे. बोलताना ती नावं डोक्यात आणू नकोस.

कुणी हसलं तर हसू दे. आपल्या मुलींच्या इंग्रजीला हसणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. ‘मले जा लागते’ म्हणणारी मुलगी अडाणी नसते. तिच्याकडे एक भाषा पूर्ण आहे आणि ती दुसरी शिकतेय.

आज रात्री जेवणं झाली की तुझ्या दिवसातली पाच वाक्यं कर, प्रत्येकात मोडल, क्रियापद आणि त्याच्या मागचा धाकटा शब्द हवा. लिहून पाठवू नकोस, बोलून पाठव. अडलीस तर अडलेलंच पाठव, मी ऐकते.